कॅमेरा बदलू का? उर्फ पन्नास पट छोटी निगेटिव्ह

दर वर्षी बोनस जमा झाला की आमच्या मजल्यावर कुणीतरी एकजण हा प्रश्न विचारतोच. "कॅमेरा बदलू का रे?" विचारणाऱ्याकडे सात-आठ वर्षं जुना डीएसएलआर असतो, त्याच्यासोबत आलेली किट लेन्स असते आणि ब्राउझरच्या चार टॅबमध्ये नव्या मिररलेसचे रिव्ह्यू उघडे असतात. ईएमआयचा हिशोबही झालेला असतो. म्हणजे सल्ला नकोच असतो, अनुमोदन हवं असतं :)

उत्तर देणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. पहिला पंथ म्हणतो, घेऊन टाक, तुझा सेन्सर आता म्हातारा झाला. दुसरा पंथ किंचित डोळे मिटून म्हणतो, अरे फोटो कॅमेरा काढत नाही, डोळा काढतो. पहिल्याचं म्हणणं दुकानदाराला आवडतं. दुसऱ्याचं सगळ्यांनाच आवडतं, कारण त्यात एक रुपयाही खर्च होत नाही. मला मात्र दोन्ही उत्तरं अर्धीच खरी वाटतात. आणि असं का वाटतं ते सांगायचं तर थेट १९२५ ते १९३० या काळातल्या युरोपात जावं लागेल. फोटोग्राफीच्या इतिहासात अपग्रेडचा इतका मोठा धक्का त्यानंतर एकदम डिजिटल आल्यावरच बसला असावा.

तर, १९२५ सालचा वसंत. जर्मनीत लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत लाइट्स नावाच्या कंपनीने एक छोटा कॅमेरा मांडला. कंपनी मुळात सूक्ष्मदर्शकं बनवणारी. तिथल्या ऑस्कर बार्नाक नावाच्या तंत्रज्ञाने हा कॅमेरा पहिल्या महायुद्धाच्या आधीच बनवून ठेवला होता. सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म आडवी वापरायची, एका चित्राची जागा २४ बाय ३६ मिलिमीटर, आणि एका रोलमध्ये ३६ फोटो. कोटाच्या खिशात मावणारा हा कॅमेरा म्हणजे लायका. आज आपण ज्याला 'फुल फ्रेम' म्हणतो आणि ज्याच्यासाठी लाख-दीड लाख मोजतो, तो आकार इथून आलेला आहे. गंमत म्हणजे त्या वेळी जाणकारांच्या लेखी हा आकार फुल वगैरे काही नव्हता, चिमुकला होता.

त्याच वसंतात पॅरिसच्या दक्षिणेला सो नावाच्या एका पडीक राजेशाही बागेत ६८ वर्षांचा एक माणूस भल्या पहाटे फोटो काढत होता. युजीन अत्जे. जन्म १८५७ चा. लहानपणीच आईवडील गेले, तरुणपणी जहाजावर काम केलं, मग नाटकात नट म्हणून धडपडला, आणि तेही जमलं नाही तेव्हा फोटोग्राफीकडे आला. दारावर पाटी लावली होती, 'कलाकारांसाठी दस्तऐवज'. चित्रकारांना, वास्तुरचनाकारांना, लोखंडी जाळ्या बनवणाऱ्या कारागिरांना संदर्भासाठी फोटो लागत, ते हा काढून विकायचा. संग्रहालयं आणि ग्रंथालयं त्याची गिऱ्हाइकं होती. जुनं पॅरिस पाडून नवं बांधलं जात होतं, आणि हा गृहस्थ पाडायच्या आधीच्या गल्ल्या, जिने, दारावरच्या कड्या, दुकानांच्या पाट्या एकेक करून नोंदवत चालला होता. १९२० साली त्याने आपल्या २,६२१ निगेटिव्ह फ्रेंच सरकारला १०,००० फ्रँकला विकल्या. त्याचं एकूण काम त्याच्या कितीतरी पट मोठं.

आता त्याचं 'किट' बघा. भात्याचा लाकडी कॅमेरा, लाकडी तिकाटणं, आणि १८ बाय २४ सेंटिमीटरच्या काचेच्या प्लेटा. एका प्लेटवर एकच फोटो. हे सगळं लटांबर खांद्यावर टाकून पहाटे निघायचं. हे किट त्याने १८९० च्या दशकात वापरायला सुरुवात केली आणि १९२७ साली मरेपर्यंत जवळपास तेच वापरलं. प्रिंट काढायची पद्धतही जुनीच. निगेटिव्ह आणि कागद एकमेकांना चिकटवून फ्रेम उन्हात ठेवायची, प्रिंट निगेटिव्हच्याच आकाराचा. कागद कसला, तर अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळातला. त्याच्या बऱ्याच फोटोंचे वरचे कोपरे काळे गोलसर दिसतात. इमारतीचा माथा चौकटीत यावा आणि भिंती तिरक्या दिसू नयेत म्हणून तो लेन्स वर सरकवायचा, आणि लेन्सचा प्रकाश त्या कोपऱ्यापर्यंत पोचायचाच नाही. आज एखाद्याने असा फोटो टाकला तर खाली पहिली कॉमेंट काय येईल ते तुम्हाला माहीत आहे.

मग म्हातारा हट्टी होता का? थोडा होताही असेल. पण जरा आकडेमोड करून बघू. लायकाची निगेटिव्ह २.४ बाय ३.६ सेंटिमीटर, म्हणजे ८.६४ चौरस सेंटिमीटर. अत्जेची प्लेट १८ बाय २४, म्हणजे ४३२ चौरस सेंटिमीटर. भागाकार करा. बरोबर ५०. त्या काळचा सगळ्यात आधुनिक कॅमेरा घेणं म्हणजे निगेटिव्ह पन्नास पटींनी लहान करणं. ज्याचं गिऱ्हाईक दारावरच्या कडीची नक्षी मोजून बघणार आहे, त्याच्यासाठी हे अपग्रेड नव्हे, चक्क डाउनग्रेड होतं.

म्हणजे १९२५ साली 'नवा' आणि 'चांगला' या दोन वेगवेगळ्या दिशा होत्या. लायकाने वेग दिला, खिसा दिला, ३६ फोटो दिले, आणि बदल्यात तपशील घेतला. आपण सॉफ्टवेअरवाले याला ट्रेड-ऑफ म्हणतो आणि मीटिंगमध्ये दिवसातून दहा वेळा हा शब्द वापरतो. कॅमेरा घेताना मात्र व्हर्जन नंबर बघतो.

अत्जेच्या हळूपणातून आणखी एक गोष्ट आली, जी त्याने बहुधा मागितलीही नव्हती. एक्स्पोजर लांबलचक, त्यामुळे रस्त्यावरून जाणारा माणूस धुरासारखा पुसट उमटतो किंवा उमटतच नाही. सोच्या बागेतल्या काही प्रिंटवर त्याने सकाळी सातची वेळ नोंदवून ठेवली आहे. रिकामे जिने, रिकामे रस्ते, काचेमागचे शोभेचे पुतळे आणि त्याच काचेत पडलेलं समोरच्या झाडाचं प्रतिबिंब. त्याच्याच गल्लीत राहणाऱ्या मॅन रे या अमेरिकन कलाकाराला आणि त्याच्या सरिअ‍ॅलिस्ट मित्रांना हे फोटो स्वप्नासारखे वाटले. १९२६ साली त्यांनी आपल्या मासिकात ते छापले. अत्जेने आपलं नाव छापू दिलं नाही, हे साधे दस्तऐवज आहेत असं त्याचं म्हणणं पडलं.

याच मॅन रेच्या नावावर एक किस्सा आहे. म्हणे त्याने अत्जेला आपला रोलायफ्लेक्स वापरून बघा म्हटलं, तर म्हाताऱ्याने नकार दिला, हा कॅमेरा माझ्या विचारापेक्षा जोरात चालतो म्हणून. किस्सा झकास आहे आणि डोळा-पंथाचे लोक तो आवडीने सांगतात. फक्त रोलायफ्लेक्स बाजारात आला १९२९ साली, आणि अत्जे वारला ऑगस्ट १९२७ मध्ये. मॅन रेने हे कित्येक दशकांनंतर सांगितलं, तेव्हा कॅमेऱ्याचं नाव तरी नक्की चुकलं असणार. असो. मला तो किस्सा खरा असण्याची गरजही वाटत नाही, ५० हा आकडा पुरेसा आहे.

इथे थांबलो असतो तर डोळा-पंथ जिंकला असता. पण त्याच वर्षांत, पॅरिसपासून रात्रभराच्या रेल्वेप्रवासावर, बर्लिनमध्ये नेमकी उलटी गोष्ट घडत होती.

एरिख सालोमन. १८८६ चा जन्म, सुखवस्तू ज्यू बँकर घराणं, कायद्याची डॉक्टरेट. महायुद्ध आणि त्यानंतरच्या महागाईत घरचा पैसा बुडाला. मग बर्लिनच्या उलश्टाइन या मोठ्या प्रकाशनसंस्थेत जाहिरात विभागात नोकरी. तिथे कामापुरता कॅमेरा हातात आला, आणि चाळिशी ओलांडलेला हा वकील त्याच्या नादाला लागला. १९२७ साली त्याने एर्मानॉक्स नावाचा कॅमेरा घेतला. ड्रेस्डेनच्या एर्नेमान कंपनीने तो १९२४ मध्ये बाजारात आणला होता. दिसायला विचित्र, म्हणजे कॅमेऱ्याला लेन्स लावलेली नसून लेन्सला मागे कॅमेरा चिकटवलाय असं वाटावं.

ती लेन्स हीच खरी बातमी होती. लुडविग बेर्टेले या विशीतल्या पोराने ती तयार केली, नाव एर्नोस्टार, अ‍ॅपर्चर एफ/२. (पुढे एफ/१.८ चीही निघाली.) एफ/४.५ च्या लेन्सशी तुलना करा. एफचा आकडा निम्म्याहून कमी, म्हणजे प्रकाश पाच पट. ज्या खोलीत अर्धा सेकंद लागायचा तिथे दहावा भाग पुरायचा.

याचा अर्थ समजायला आधीची स्थिती लक्षात घ्यायला हवी. तोपर्यंत बंद खोलीत, दिव्याच्या उजेडात फोटो काढायचा म्हणजे मॅग्नेशियमची पूड पेटवायची. भपकन लख्ख उजेड, मग धूर, मग खोकला. सगळे आधीच ताठ होऊन कॅमेऱ्याकडे बघत उभे. दोन देशांचे परराष्ट्रमंत्री रात्री वाटाघाटी करत बसलेत आणि कोपऱ्यात कुणी बार उडवतोय, हे कोण चालवून घेईल? त्यामुळे सत्ताधारी माणसं बंद दाराआड खरोखर कशी दिसतात हे सामान्य वाचकाने पाहिलेलंच नव्हतं. ते दाखवायला नुसता डोळा कितीही तयार असून भागत नव्हतं. प्रकाशच पुरत नव्हता.

१९२८ साली बर्लिनमधल्या एका गाजलेल्या खटल्यात सालोमन टोपीत एर्मानॉक्स लपवून घेऊन गेला. टोपीला लेन्सपुरतं भोक पाडलेलं. कोर्टात फोटोला बंदी असतानाचे ते फोटो छापून आले आणि नोकरी सुटली, म्हणजे त्यानेच सोडली. मग जिनिव्हाला राष्ट्रसंघ, पॅरिसला करारांवर सह्या, लंडन, अमेरिका. अंगात कडक सूट, तोंडात तीन-चार भाषा, वागणं एखाद्या राजदूतासारखं. द्वारपाल अडवायचेच नाहीत. जानेवारी १९३० मध्ये द हेगच्या परिषदेत मध्यरात्रीनंतर काढलेला त्याचा फोटो शोधून बघाच. जर्मनीने युद्धाची भरपाई किती द्यायची यावर भांडून दमलेले मंत्री खुर्च्यांत अक्षरशः विरघळून बसलेत, एक-दोघांना डुलकी लागलीये. पुढच्या वर्षी पॅरिसच्या एका मेजवानीत फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री ब्रियां यांनी त्याच्याकडे बोट दाखवत 'हा बघा आला' केलं, आणि त्याने नेमका तोच क्षण टिपला.

आता कुणी म्हणेल, सूट आणि भाषा त्याच्या होत्या, कॅमेऱ्याच्या नव्हत्या. खरंच आहे. एर्मानॉक्स अनेकांनी विकत घेतला असेल, सालोमन एकच झाला. शिवाय तो कॅमेरा वापरायला सोपाही नव्हता. एका वेळी एकच प्लेट, फोकस अंदाजाने, एफ/२ वर फोकसची खोली जेमतेम, आणि बऱ्याचदा शटर इतकं हळू की कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून बोलणारा माणूस क्षणभर स्थिर होण्याची वाट बघावी लागायची. पण एर्मानॉक्सशिवाय हेगचा फोटो निघाला असता का? नाही. याला 'कदाचित' लावायचीही गरज नाही. तो फोटो भौतिकशास्त्राने अडवून धरला होता.

पुढे १९३० नंतर सालोमन लायकाकडे वळला. तिथे त्याने अचूक हिशोब केला असं मला वाटतं. पाहुण्यांच्या गर्दीत उभ्या माणसाला एकेक प्लेट बदलत बसण्यापेक्षा ३६ फोटोंचा रोल जास्त मोलाचा. पन्नासपट लहान निगेटिव्हमध्ये मंत्र्याच्या कोटाची शिवण नीट उमटली नाही तर त्याचं काही अडणार नव्हतं. अत्जेचं अडलं असतं.

(सालोमनच्या गोष्टीचा शेवट सांगायलाच हवा. १९३३ मध्ये हिटलर आला आणि तो बायकोच्या माहेरच्या देशात, हॉलंडमध्ये गेला. जर्मन सैन्य तिथेही पोचलं. १९४४ साली तो, त्याची बायको आणि धाकटा मुलगा आउशविट्झमध्ये मारले गेले. थोरला मुलगा इंग्लंडमध्ये होता म्हणून वाचला, आणि वडिलांचं जे काम उरलं होतं ते त्याने जमवलं. आज तो संग्रह बर्लिनिशे गॅलरीत आहे.)

आता त्या बेर्टेलेकडे परत येऊ, कारण त्याच्या लेन्सचा धागा पुढे भलत्याच ठिकाणी निघतो. एर्नेमान कंपनी १९२६ मध्ये झाइस आयकॉनमध्ये विलीन झाली. तिथे बेर्टेलेने एर्नोस्टारवर आणखी काम करून १९३० च्या सुमारास सोनार ही लेन्स बनवली. (मराठी सोनाराशी संबंध नाही, जर्मनमध्ये सूर्याला जो शब्द आहे त्यावरून.) दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये निप्पॉन कोगाकू नावाची कंपनी याच सोनारच्या घडणीवर आपल्या लेन्स बनवत होती. जगात त्यांना कुणी विचारत नव्हतं. जपानी माल म्हणजे स्वस्त नक्कल, असा समज.

१९५० च्या जूनमध्ये 'लाइफ' मासिकाचा डेव्हिड डग्लस डंकन टोकियोत होता. जून मिकी या तरुण जपानी छायाचित्रकाराने ८५ मिलिमीटरची निक्कोर लेन्स लावून त्याचा एक फोटो काढला आणि प्रिंट दाखवला. डंकन चकित. कंपनीत जाऊन त्याने आपल्या जर्मन लेन्सशी तुलना करून खात्री केली आणि निक्कोर लेन्स घेतल्या. काही दिवसांतच कोरियाचं युद्ध पेटलं आणि डंकन तिकडे गेला. त्याचे फोटो न्यूयॉर्कला पोचले तेव्हा संपादकांना त्यातली स्पष्टता खटकण्याइतकी जाणवली. डिसेंबर १९५० मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने या जपानी लेन्सवर लेख छापला आणि निकॉन हे नाव जगाला कळलं.

या किस्स्यातला मला आवडणारा भाग कमी सांगितला जातो. डंकनने बॉडी बदलली नाही. लायकाच ठेवला, आणि त्यावर निक्कोर बसवली. सगळं किट न बदलता जिथे अडत होतं तेवढाच भाग बदलला. मॉड्यूल बदललं, सिस्टिम तीच.

बरं, डोळा-पंथाची ठेवणीतली अस्त्रंही तपासू. अमेरिकेत १९५४ चं फोटोग्राफीचं पुलित्झर व्हर्जिनिया शाऊ या हौशी बाईंना मिळालं. कॅलिफोर्नियात पुलाच्या कठड्यावर लटकलेल्या ट्रकमधून ड्रायव्हरला दोरीने वर ओढत होते, तो फोटो त्यांनी कोडॅकच्या साध्या ब्राउनी कॅमेऱ्याने काढला. म्हणजे डबा कॅमेराच. किंवा मॅग्नमचा अ‍ॅलेक्स माजोली, ज्याने २००० नंतरच्या दशकात काँगो आणि इराकमध्ये ऑलिंपसच्या ५ मेगापिक्सलच्या छोट्या कॅमेऱ्यांनी काम केलं. उदाहरणं खरी आहेत. पण ब्राउनीचा फोटो दिवसाढवळ्या, लांबून काढलेला आहे. तोच ट्रक रात्री लटकला असता तर बाईंच्या हाती काळी निगेटिव्ह लागली असती. आणि माजोलीने छोटा कॅमेरा 'असूनही' काम केलं असं नाही, छोटा होता म्हणूनच तो निवडला. लोक त्याच्याकडे लक्ष देत नसत. तोही एक उपकरणाचाच निर्णय झाला.

आता आपल्या मजल्यावरच्या प्रश्नाकडे. सोपी आकडेमोड आहे, रुमालावर करता येईल. नेहमीच्या क्रॉप सेन्सरवरून फुल फ्रेमवर गेलात तर सेन्सरचं क्षेत्रफळ साधारण सव्वादोन ते अडीच पट होतं. किट लेन्स ५० मिलिमीटरला एफ/५.६ च्या आसपास असते. तिच्या जागी ५० ची एफ/१.८ लावली तर प्रकाश साडेनऊ पट. घरातला बारसं-वाढदिवसाचा फोटो काळपट येतोय ही तक्रार असेल तर कुठे पैसे घालायचे ते दिसतंच आहे, आणि ती लेन्स नव्या बॉडीच्या किमतीच्या एका तुकड्यात मिळते. आणि फोटो शेवटी फोनवर बघायचा असेल तर फुल एचडी पडदा म्हणजे फक्त दोन मेगापिक्सलच्या वर थोडासा. उरलेले बावीस हार्ड डिस्कवर आराम करतात.

पण एका मैत्रिणीने मला विचारलं तेव्हा मी 'घे' म्हटलं. ती भिगवणला पक्ष्यांचे फोटो काढते. उडत्या पक्ष्याच्या डोळ्यावर फोकस धरून ठेवणं तिच्या जुन्या कॅमेऱ्याला जमत नव्हतं, आणि नेमका कोणता फोटो हातचा जातोय हे तिला तारीखवार सांगता येत होतं. तिचं सालोमनसारखं होतं. बाकी बहुतेकांना मी विचारतो, कुठला फोटो अडलाय? त्यावर जे मौन पडतं त्यातच उत्तर असतं.

जाता जाता एक राहिलं. अत्जे वारला तेव्हा त्याच्या घरातल्या हजारो प्रिंट आणि निगेटिव्हचं काय झालं? मॅन रेकडे मदतनीस म्हणून काम केलेली बेरेनिस अ‍ॅबट नावाची तिशीच्या उंबरठ्यावरची अमेरिकन मुलगी त्या फोटोंनी झपाटली होती. अत्जेच्या शेवटच्या दिवसांत तिने त्याचे पोर्ट्रेट काढले, प्रिंट दाखवायला गेली तर तो गेला होता. १९२८ साली तिने खटपट करून तो ठेवा विकत घेतला, पुढे अमेरिकेला नेला आणि चाळीस वर्षं सांभाळला. १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने तो घेतला.

१९२९ मध्ये अ‍ॅबट न्यूयॉर्कला परतली तेव्हा ते शहरही पाडून नव्याने बांधलं जात होतं. आधी ती हातात धरायच्या छोट्या कॅमेऱ्याने फोटो काढत हिंडली. मग तिने 'अपग्रेड' केलं. आठ बाय दहा इंचांच्या निगेटिव्हचा, तिकाटण्यावरचा मोठा कॅमेरा घेतला. ऐन लायकाच्या जमान्यात. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीचा तिचा एक प्रसिद्ध फोटो आहे, उंचावरून दिसणारं रात्रीचं न्यूयॉर्क, हजारो खिडक्या उजळलेल्या. त्याला १५ मिनिटांचं एक्स्पोजर हवं होतं. आकाश काळं हवं आणि ऑफिसांतले दिवे चालू हवेत, पण पाच वाजले की लोक दिवे बंद करून घरी जाणार. म्हणून तिने डिसेंबरमधला सगळ्यात लहान दिवस गाठला, जेव्हा पाचच्या आतच अंधार पडतो.